रेकॉर्ड धुण्याआधी ती कशाची आहे ते पाहा

मैत्रिणींनो, माळ्यावरच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा खाली येऊ लागल्या आहेत. मुलं हौसेनं नवा रेकॉर्ड प्लेअर आणतात आणि 'आई, या जरा स्वच्छ करून दे ना' म्हणून गठ्ठा आपल्यापुढे ठेवतात. काम अवघड नाही. पण हाताला येईल त्या फडक्याने आणि बाटलीने सुरुवात करू नका.

मी तीच चूक केली होती. सासूबाईंनी माहेराहून आणलेली एक तबकडी लख्ख करावी म्हणून कापसावर स्पिरिट घेऊन पुसली. कापूस काळाकुट्ट झाला. मला वाटलं, केवढी ही धूळ! पण ती धूळ नव्हती, तबकडीच विरघळत होती. वाजवली तर गाण्याऐवजी नुसती खरखर. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

म्हणून आधी ओळख पटवा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, जाड, जड, पडली की फुटणारी तबकडी बहुधा लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड व्हिनाइलची. ती किंचित लवते आणि एका बाजूला वीसेक मिनिटं वाजते. फेरे बहुतेक वेळा लेबलवर छापलेले असतात. शंका आलीच तर लाखेची समजा आणि स्पिरिट दूर ठेवा.

आता कृती. एक लिटर डिस्टिल्ड वॉटर घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळून बसतात. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब पुरेत. रेकॉर्ड मऊ पंचावर ठेवून वरची धूळ आधी कोरड्या, मऊ ब्रशने झटका. मग ब्रश किंवा मऊ फडकं ओलं करून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीही घासू नका. मधलं लेबल भिजू देऊ नका. शेवटी साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढा, अलगद टिपा आणि स्वच्छ ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय पाकिटात घालू नका, नाहीतर बुरशी धरते. जुनं पाकीट मळलेलं असेल तर आतलं नवं घाला. लाखेची तबकडी भिजत ठेवायची नाही. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. तडा गेला असेल तर पाणी लावूच नका.

यासाठी यंत्रंही मिळतात. एका प्रकारात यंत्र खाचांतलं मळकं पाणी ओढून घेतं. दुसऱ्यात ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे होऊन मळ सुटतो. हाताने पुसल्यावर मळाचा थोडा अंश खाचेत राहतो, तो यंत्राने जास्त निघतो, हे खरं. पण किंमत भारी. पंचवीस-तीस रेकॉर्डसाठी हातच बरे. शेकड्यांनी असतील तर भिशीतल्या चौघींनी मिळून एक घ्यायला हरकत नाही. ओरखडे मात्र कोणत्याच यंत्राने जात नाहीत.

आणि हो, धुतलेल्या रेकॉर्डवर मळकी सुई ठेवू नका. रेकॉर्ड नेहमी कडेने धरा, पाकिटात उभ्याच ठेवा. एकीवर एक रचल्या तर वाकतात.

पुसून झाली की पहिलं गाणं घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला ऐकवा. ती रेकॉर्ड आणली तेव्हाची आठवण त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.