काजूची बोंडे आणि वाईनची चव-परीक्षा

परगावचा वाईन-तज्ज्ञ यावा, संध्याकाळी दहा-वीस मंडळींनी मेजाभोवती बसावे, तज्ज्ञाने एकेका वाईनचे गुणदोष समजावून द्यावेत आणि मंडळींनी तिची चव पाहावी, हा प्रकार नाशिक जिल्ह्यात आता नवा राहिलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात असा मेळ भरवावयाचा झाल्यास तो कोणासाठी भरवावा व त्यातून काय साधावे, याचा विचार मात्र आधी झाला पाहिजे. केवळ हौशी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी तो भरणार असेल, तर बागायतदारास त्याचा काडीचाही उपयोग नाही.

नाशिकचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. राजीव सामंत यांनी तेथील आपल्या कौटुंबिक जमिनीत प्रथम आंब्यासारखी पिके घेऊन पाहिली. पुढे कॅलिफोर्नियातील वाईन-तज्ज्ञ केरी डॅम्स्की यांचे साहाय्य घेऊन त्यांनी १९९७ च्या सुमारास वाईनच्या द्राक्षजातींची लागवड केली व २००० साली ‘सुला’ या नावाने पहिली वाईन बाजारात आणली. पाहुण्यांसाठी चव-परीक्षेचे दालन उघडले ते त्यानंतर, २००५ मध्ये. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी मळा, मग पिंप आणि सर्वांत शेवटी पेला.

रत्नागिरीने द्राक्षाचेच अनुकरण करणे व्यर्थ होय. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; अशा दमट हवेत द्राक्षवेलीवरील केवडा रोग आवरणे दुरापास्त आहे. उत्तम हापूस ताजाच चांगल्या दराने खपतो. त्याची वाईन करणे म्हणजे चंदन चुलीत घालणे होय. या जिल्ह्यात वाईनसाठी विचार करावा असे पहिले फळ म्हणजे काजूचे बोंड. एका झाडापासून १० किलो बी मिळाले, तर त्याच झाडाची बोंडे साधारणतः ६० ते ८० किलो भरतात. त्यांत निम्म्याहून अधिक वजनाचा रस असतो, आणि त्या रसात संत्र्याच्या कित्येक पट ‘क’ जीवनसत्त्व असते. तरीही बी पिळून घेतल्यावर बहुतेक बोंडे झाडाखाली कुजतात. आफ्रिकेतून आयात होणाऱ्या काजूबीशी येथील बीला दराची स्पर्धा करावी लागते. अशा वेळी बोंडाचेही चार पैसे हाती आले, तर काजूची बाग राखणे कितीतरी सुसह्य होईल.

शेजारच्या गोव्यात याच बोंडांच्या रसापासून हुर्राक व फेणी काढतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदही मिळाली. परंतु फेणी व वाईन यांची गल्लत करू नये. फेणी ही आंबवलेला रस उकळून, त्याची वाफ थंड करून काढलेली कडक दारू आहे. वाईन हा नुसता आंबवलेला रस असतो. उकळताना रसातील कित्येक दोष भांड्यातच मागे राहतात. वाईनमध्ये ही सोय नाही. बागेतील प्रत्येक हयगय पेल्यापर्यंत येऊन पोहोचते.

चव-परीक्षेचे खरे मोल येथेच आहे. पेल्यातून शिरक्यासारखा आंबट वास आला, तर बोंडे जमिनीवर दिवसभर पडून राहिली किंवा आंबवण चालू असता भांड्यात हवा शिरली, असे समजावे. घशाला खरखरणारा तुरटपणा राहिला, तर रसातील टॅनिन नीट काढले गेले नाही. शिजवलेल्या साबुदाण्याची पातळ पेज रसात मिसळून तो निवळून घेतल्यास हा तुरटपणा पुष्कळ कमी होतो. रस काळपट झाला, तर लोखंडी भांड्याचा संशय घ्यावा. वास मुळीच नसून चव बोथट लागली, तर एप्रिल-मेच्या उकाड्यात पिंप थंड न राखता आंबवण झाले असावे. साखरेचा हिशेबही याच वेळी उलगडतो. दर लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. बोंडाच्या रसात साधारण दहा-बारा टक्केच साखर असल्याने, बाहेरून साखर घातल्यावाचून टिकाऊ वाईन होत नाही. हा खर्च हिशेबात न धरता कोणी नफ्याची स्वप्ने दाखवू लागला, तर त्यापासून सावध राहावे.

म्हणून या मेजावर पहिली जागा बागायतदाराची असावी. त्याला चव कळणार नाही, ही समजूत खोटी आहे. आढीतला हापूस नुसत्या वासावरून ओळखून तो वेगळा काढतो. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघाला, तर त्याचे कारण शोधण्याची सवयही त्याला आहे. तेच नाक आणि तीच चिकित्सा येथे उपयोगी पडते. पेल्यांवर नावे न घालता केवळ क्रमांक घालावेत; मागे पांढरा कागद धरून रंग पाहावा; मग वास घ्यावा; शेवटी एक घोट तोंडात फिरवून थुंकून टाकावा. मध्ये साधे पाणी व तांदळाच्या भाकरीचा तुकडा घ्यावा. शेजारीच ज्या रसापासून वाईन झाली तो ताजा, गाळलेला रस ठेवावा. पाहुण्या तज्ज्ञाने स्तुती करण्याऐवजी दोष सांगावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत जाऊन ते कोठे उद्भवले हे दाखवावे.

यावर एक आक्षेप निश्चित घेतला जाईल, आणि तो हलका नव्हे. दारूने कोकणातील अनेक संसार धुळीस मिळविले आहेत; मग सरकारी कृषिविस्ताराने या वाटेला जावेच का? वाईन आरोग्यास हितकर असते, असा प्रचार कोणी करू नये. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा घरोघरी पिंपे मांडण्याचा सल्ला येथे मुळीच अभिप्रेत नाही. परंतु चव-परीक्षा म्हणजे मद्यपान नव्हे. ज्यांनी माळ घातली आहे किंवा ज्यांना मद्य वर्ज्य आहे, त्यांनी केवळ ताजा रस पारखावा; बागेतील निम्मेअधिक दोष त्यातच दिसून येतात.

बागायतदाराचे काम उत्तम रसापाशी संपते, हे त्याने पक्के जाणावे. पिकलेली बोंडे त्याच दिवशी सकाळी गोळा करणे, फुटकी व किडकी बाजूला काढणे, स्वच्छ धुणे, स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात रस काढणे, तो निवळून लगेच थंड करणे, एवढे गावातील चार-सहा बागायतदारांच्या गटाला सहज जमावे. असा रस सरबताला व सिरपलाही चालतो. परवानाधारक कारखाना मिळाल्यास वाईनला चालतो. कोकणी फळांच्या वाईनवर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात अभ्यास झालेला आहे. पाहुण्याला बोलावण्याआधी बागायतदारांनी तेथील जाणकारांना विचारणे श्रेयस्कर.

काजूचा हंगाम थोडा असतो आणि तुटलेले बोंड एक दिवसही धड टिकत नाही. चव-परीक्षेची संध्याकाळ एकदाच होते. तिच्यातून शिकलेली सकाळची वेचणी मात्र हंगामभर पुरते. ती वेचणी जेथे सुधारेल, तेथेच ही संध्याकाळ सार्थकी लागली असे म्हणावे.