कॉम्प्युटरचं बारसं करा राव!

परवा खर्ड्यातल्या एका ऑफिसात सातबाऱ्याची फाईल अर्धा तास सापडेना. म्हाताऱ्या शेतकऱ्याची एसटी गेली. नेटवर्कवर चार कॉम्प्युटर. तिघांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढं अगम्य अक्षरं, चौथा 'साहेब-पीसी'. साहेबांची बदली होऊन दोन वर्षं झाली, मशीन आता दुसऱ्याच टेबलावर!

माणसाचं नाव दिलं की असंच होतं. पुण्याच्या हवामान संस्थेचे महासंगणक बघा: २०१८ चा 'प्रत्यूष', २०२४ चा 'अर्का'. दोन्ही नावं सूर्याच्या घरातली.

आपल्याकडं १७९५ च्या लढाईतली नावं मात्र नकोत. 'दौलतराव हँग झाले' कोण ऐकून घेईल? त्यापेक्षा नद्या घ्या: सीना, मांजरा, खैरी, विंचरणा. मशीनवर पट्टीही चिकटवा. जमत नसेल तर बोलवा, मी येऊन बदलून देतो. चहा तेवढा पाजा.