जुने इंजिन, नवे इंजिन आणि बार्शी लाइट

जळकोट तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. गाडी धरायची तर उदगीर गाठावे लागते. तरीही वाफेच्या इंजिनांची मॉडेले करणाऱ्याला महाराष्ट्रात याहून श्रीमंत मुलूख सापडणे अवघड आहे. उदगीरवरून निजामाच्या रेल्वेचा विकाराबाद-परळी ब्रॉडगेज मार्ग जातो. उत्तरेला नांदेड-पूर्णेचा पट्टा, जिथे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज आला आणि जवळजवळ शतकभर राहिला. पश्चिमेला लातूर, जिथे १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली. १६७६, १००० आणि ७६२ मिलिमीटर ही तिन्ही गेजे एसटीच्या एका दिवसाच्या फेरीत मावत होती. आज तिन्ही मार्गांवर ब्रॉडगेज आहे आणि वाफ कुठेच उरलेली नाही. म्हणूनच इथल्या मॉडेलकाराचे काम महत्त्वाचे आहे.

या छंदात पडलेल्या माणसाला कधी ना कधी एकच प्रश्न छळतो: जुने मॉडेल घ्यावे की नवे? परदेशातल्या नातेवाइकाच्या ट्रंकेतून आलेले हॉर्नबीचे इंजिन दुरुस्त करावे, की तेवढे पैसे साठवून नव्या साच्यातले मागवावे? उत्तर बहुधा देखाव्यावरून दिले जाते. ते यंत्रावरून द्यायला हवे.

हॉर्नबी-डब्लो बाजारात आली १९३८ साली. तीन रूळ, बारा व्होल्ट आणि जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले अंग. हातात घेतले की वजन जाणवते आणि त्या वजनामुळेच ती इंजिने डबे ओढतात. पुढे ट्राय-अँग या दुसऱ्या कंपनीने एक्स-०४ नावाची उघडी मोटर आणली. ही मोटर समजली की जुन्या मॉडेलांचे अर्धे शास्त्र समजते. कार्बन बाहेरून बदलता येतात, स्प्रिंग बोटाने काढता येते, आर्मेचर दिसते, वर्म गिअरला तेलाचा एक थेंब पुरतो. गुंडाळी जळली तर पंखे-मिक्सरच्या मोटारी भरणारा कुशल कारागीर ती भरून देऊ शकतो, आणि असा कारागीर उदगीरलाही मिळतो, लातूरलाही. लोहचुंबक जुना होऊन कमजोर पडला असेल तर त्याच्या जागी निओडायमियमचा तुकडा बसवावा. मोटर कमी वीज खाते, कमी तापते आणि हळू वेगातही अडखळत नाही.

एकच खबरदारी घ्यायची. एक्स-०४ चा एक कार्बन थेट चासीला जोडलेला असतो. डीसीसीची, म्हणजे डिजिटल नियंत्रणाची, चिप बसवण्याआधी त्या बाजूलाही इन्सुलेशनची नळी घातली नाही, तर चिप पहिल्याच फेरीत जाते.

मात्र जुने ते सगळे चांगले, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’चेच पाहा. खरे इंजिन १९२३ साली डॉनकॅस्टरला बांधले गेले. ट्राय-अँग हॉर्नबीने १९६८ मध्ये त्याचे मॉडेल काढले तेव्हा मोटर इंजिनातच होती. पुढच्या काळात ती इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीत, म्हणजे टेंडरमध्ये गेली. म्हणजे टेंडर ढकलणार आणि इंजिन नुसते घरंगळणार. वजन थोडे, म्हणून चाकांवर रबराचे टायर चढवावे लागले. लातूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत ते टायर कडक होऊन तडकतात, त्यांचा भुगा रुळावर बसतो आणि वीज तुटते. टेंडरमध्ये मोटर असलेले मॉडेल स्वस्तात मिळाले तरी इथल्या मॉडेलकाराने दोनदा विचार करावा. १९५० च्या दशकातल्या सुरुवातीच्या प्लास्टिकच्या बॉड्याही उन्हाने वाकतात. त्यांना खिडकीजवळच्या कपाटात ठेवू नये.

मॉडेलांचे उत्पादन चीनला गेले आणि साधारण २००० पासून चित्र पालटले. मोटर पुन्हा इंजिनात आली. पाच पोल, वर जड फ्लायव्हील. व्हॉल्व्ह गिअरचा प्रत्येक दांडा वेगळा, बॉयलरवरची प्रत्येक नळी वेगळी बसवलेली. जुन्या साच्यात याच नळ्या नुसत्या उठावाच्या रेघा होत्या. चांगले नवे मॉडेल स्टेशनातून बाहेर पडते ते खऱ्या इंजिनाच्या चालीने, एकेक स्लीपर मोजत. जुने एक्स-०४ कितीही सांभाळले तरी ही चाल त्याला येत नाही. ज्याला शंटिंग करायचे आहे त्याने नवेच घ्यावे, इतका हा फरक मोठा आहे.

पण नवे उघडून बघावे. बंद डब्याच्या मोटरचे कार्बन बदलता येत नाहीत. मोटर गेली की मोटरच बदलायची. गिअर नायलॉनचा आणि त्या एकाच मॉडेलसाठी घडवलेला. काही वर्षांनी कारखाना तो भाग बनवणे थांबवतो. काही मॉडेलांत चासी मधोमध दुभंगलेली असते आणि दोन चाकांना जोडणारी प्लास्टिकची नळी तडकली की चाके तिरपी होतात. धातूचा रोगही जुन्यांपुरता नाही. जस्ताच्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली तर ते आतून फुगते आणि बिस्किटासारखे तुटते. युद्धापूर्वीच्या डब्लोंना हा रोग झाला, आणि या शतकाच्या आरंभी ओतलेल्या काही चासींनाही झाला. नव्या मॉडेलाची पेटी उघडताना चासीच्या टोकाला केसासारखी चीर आहे का, हे भिंगाने तपासावे.

आणखी एक मुद्दा इथल्या रुळांचा. कारखान्यातून येणारी ओओ आणि एचओ या मापांची बहुतेक इंजिने साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर चालतात. एचओच्या १:८७ प्रमाणात भारतीय ब्रॉडगेज सव्वाएकोणीस मिलिमीटर भरते. म्हणजे साडेसोळावर ठेवलेले डब्ल्यूपी हे भारतीय ब्रॉडगेजचे वाफेचे इंजिन प्रत्यक्षातल्या हिशेबाने चोवीस सेंटिमीटर अरुंद रुळावर उभे असते. समोरून पाहिले की डोळ्याला ते लगेच खुपते. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय एचओमध्ये आहे आणि तिथल्या गाड्यांचा तोल डोळ्यात भरतो. तसाच तोल भारतीय ब्रॉडगेजला हवा असेल तर रूळ स्वतः टाकावा लागतो.

बार्शी लाइटचा हिशेब मात्र जवळजवळ आपोआप जुळतो. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात आणि एन गेजचा तयार रूळ नऊचा आहे. तफावत तीन टक्क्यांची. इंजिनेही मॉडेल करण्याजोगी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपी रेल्वेत नोकरी केलेला इंजिनिअर. त्याने ही लाइन आखली ती एका तत्त्वावर: इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे हलका, यार्डाला तीस पौंडांचा रूळ पुरला. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी मार्ग सुरू झाला तेव्हा लीड्सच्या किटसन कंपनीची ०-८-४ टँक इंजिने त्यावर धावली. पुढे किटसनचीच ४-८-४ टँक आली, आणि १९२० च्या दशकात नॅस्मिथ विल्सनची २-८-२. कॅलथ्रॉपने हीच विचारसरणी इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ च्या छोट्या लाइनवर नेली. तिथली किटसनची २-६-४ टँक ही बार्शीच्या इंजिनांची सख्खी बहीण आहे. ती लाइन १९३४ मध्ये बंद पडली, तरी इंग्रज मॉडेलकारांनी तिची इंजिने पुन्हा पुन्हा बनवली. बार्शी लाइट मिरजेपर्यंत सव्वातीनशे किलोमीटर पसरली आणि एकविसाव्या शतकापर्यंत चालली. तिच्या वाट्याला मराठी मॉडेलकारांकडून आलेले काम त्या मानाने फारच थोडे आहे.

इथे जुन्या-नव्याचा निवाडा उलटा लागतो. बार्शीच्या टँक इंजिनात एक्स-०४ मावतच नाही. जुन्या एन गेज चासीही कामाच्या नाहीत, कारण त्यांच्या चाकांची कड इतकी खोल असते की ती फक्त कोड ८० च्या रुळावर चालते. हा रूळ सुमारे दोन मिलिमीटर उंच. ८७ ने गुणले तर तो आजच्या मेन लाइनवरच्या साठ किलोच्या रुळापेक्षाही उंच ठरतो. तीस पौंडांचा रूळ या प्रमाणात एक मिलिमीटरलाही पोचत नाही. कोड ४० वापरायचा असेल तर बारीक कडेची नवी चाके आणि बॉयलरमध्ये लपणारी नवी कोअरलेस मोटर, याला पर्याय नाही. बॉडी थ्रीडी प्रिंटरवर काढावी. चासी मात्र पितळेची, डाख देऊन जोडलेली असावी. प्रिंटची चासी उन्हात सरकते आणि आठ जोडचाकांचे दांडे अडकू लागतात.

नवी मोटर वापरतानाही जुन्यांचा एक धडा सोडू नये. मोटर चिकटवू नका, पाळण्यात बसवून स्क्रूने आवळा. खालची पट्टी काढली की सगळी चाके मोकळी व्हावीत. जुन्या ब्रिटिश मॉडेलांतले स्क्रू बीए आट्याचे असतात. तो आटा इथे मिळत नाही आणि एक स्क्रू हरवला की इंजिन कपाटात जाते. नव्या बांधणीत एम-२ किंवा एम-१.६ हेच माप ठेवावे. एम-२ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटा मिळतो आणि एम-१.६ मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या डबीत.