मधला खंड

डिसेंबरातली गोष्ट. इशाची नमाज आटोपून मी मुलींच्या खोलीत डोकावले, तर मोठीच्या टेबलावर जीवशास्त्राच्या पुस्तकाखाली एक जाडजूड कादंबरी दिसली. गेल्या वर्षी नीट परीक्षेत तिचे मार्क थोडक्यात कमी पडले. यंदा पुन्हा बसायचं ठरवून ती घरीच अभ्यास करतेय. माझ्यातली शिक्षिका लगेच जागी झाली. "परीक्षेला पाच महिने उरलेत आणि तू गोष्टी वाचतेस?"

"अम्मी, झोपण्याआधी दहाच पानं. आता मध्येच सोडवत नाही. सगळे वाईट अडकलेत."

पुस्तक होतं टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड. मुग्धा कर्णिक यांनी ही कथा 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणली आहे. त्या दिवशी तुमसरहून माझ्या फुफी आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "जादूची किताब? घरात?" मी म्हटलं, "फुफी, लहानपणी अमर अय्यारच्या झंबीलच्या गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्या? लखनौच्या नवल किशोर प्रेसनं 1883 पासून छापलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त जादूशिवाय दुसरं काय आहे?" फुफी हसल्या आणि विषय मिटला.

लेकीवर ओरडण्याआधी आपण वाचून तरी पाहावं, म्हणून मीही पुस्तक हाती घेतलं. पहिल्या खंडात घरातून निघण्याची उमेद असते, सोबती असतात. दुसऱ्यात सोबती पांगतात. फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम, दोघंच शत्रूच्या मुलखाकडे चालत राहतात. ती घातक अंगठी नष्ट करायची, एवढंच त्यांना ठाऊक. वाट दाखवणारा गोलम कधी दगा देईल याचा नेम नाही. दलदल, उपासमार, अंधार. शेवटी फ्रोडो शत्रूच्या कैदेत सापडतो, सॅम बंद दाराबाहेर पडलेला असतो आणि पुस्तक तिथंच संपतं.

हा खंड इंग्रजीत 11 नोव्हेंबर 1954 रोजी निघाला. तिसरा यायला 20 ऑक्टोबर 1955 उजाडला. म्हणजे त्या बंद दाराशी वाचक अकरा महिने ताटकळले. टॉल्किन यांनी ही अंधारी प्रकरणं 1944 साली, महायुद्ध चालू असताना लिहिली. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर तेव्हा हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. लिहून होतील तशी प्रकरणं बाप मुलाला पाठवत असे. युद्ध कधी संपेल, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ते दोघंही मधल्याच खंडात होते म्हणा ना!

आपल्या झाडीपट्टीतली नाटकं आठवतात? दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्रभर चालणारी? रात्री दोन-अडीचला नायकावर संकटांचा डोंगर कोसळलेला असतो, तेव्हा अर्धा मांडव पेंगत असतो किंवा चहाच्या टपरीवर असतो. शेवटच्या प्रवेशाला मात्र सगळे जागे! मुलांच्या बाबतीतही आपण असेच वागतो. शाळेत घालताना मिठाई वाटतो, निकालाच्या दिवशी हार आणतो. मधल्या लांब रात्री ते मूल एकटं असतं.

एकटं तरी कुठं? मी होतेच की, दर रविवारी सराव परीक्षा झाली की दारात उभी. "किती पडले? तुझ्या मैत्रिणीला किती?" लेकीचा चेहरा उतरायचा, आणि मला वाटायचं मी तिची काळजी घेतेय.

त्या खंडात एक साधा प्रसंग आहे. शत्रूच्या उंबरठ्यावर सॅम दोन ससे शिजवतो. तशा रानातही त्याला तेजपान हवं असतं! फ्रोडो दमून झोपलाय, त्याच्या पोटात काही गरम जावं, एवढाच त्याचा विचार. 'अजून किती चालायचं? पोहोचू ना?' असं तो फ्रोडोला विचारत बसत नाही. वाचताना मला माझा रविवार आठवला आणि लाज वाटली.

तेव्हापासून मी मार्क विचारणं बंद केलं. सोपं गेलं नाही. दोनदा प्रश्न ओठांवर आला, गिळला. रात्री दहाला आल्याचा चहा करून तिच्या टेबलावर ठेवते आणि परत येते. तिसऱ्या रविवारी ती स्वतःच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अम्मी, आज फिजिक्स बिघडलं." मी पोळी लाटत राहिले. ती बराच वेळ बोलत होती.

मे महिन्यात काय होईल, मला माहीत नाही. दुसरा खंड तिनं संपवला. तिसरा कपाटात आहे, तो परीक्षेनंतर वाचायचा असं तिनंच ठरवलंय. मलाही पुढं काय होतं ते जाणून घ्यायचंय, पण मीही थांबलेय. तिच्याआधी शेवट वाचायचा नाही, असं कबूल केलंय.