‘पेक्षा’चे झाले ‘ऐवजी’

व्यवस्थापनाची भाषा हा आपला प्रांत नाही असे मानून साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी तिच्याकडे पाठ फिरवतात. ही अलिप्तता परवडणारी नाही, असे माझे मत आहे. आपल्या वर्गातून गेलेली मुले हिंजवडीतल्या कंपन्यांत किंवा एखाद्या बँकेच्या मुख्यालयात रुजू होतात, तेव्हा ज्या शब्दांनी त्यांचा दिवस बांधला जातो ते शब्द कोणी तपासायचे? ‘अॅजाइल’ हा त्यांपैकी एक मातब्बर शब्द. सॉफ्टवेअर लिहिण्याची ही रीत आता भरती, जाहिरात, हिशेब, प्रशिक्षण अशा सरसकट सर्व खात्यांना लावली जाते. माझा आक्षेप असा की हा विस्तार एका संहितेच्या चुकीच्या वाचनावर उभा आहे. आणि चुकीचे वाचन ओळखणे हे तर आपलेच काम आहे.

मूळ संहिता पाहू. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर-तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा सिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द आहे, याचे स्मरण आज फारसे कोणाला नसते. मजकूर आटोपशीर आहे. चार तुलना, बस्स. प्रक्रिया व साधने यांच्यापेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद. सविस्तर कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर. कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य. आखलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद. शेवटी एक पुस्ती आहे: मागे टाकलेल्या गोष्टींनाही मोल आहे, आम्ही दुसऱ्यांना अधिक मोल देतो इतकेच.

म्हणजे या संहितेचा सारा तोल ‘पेक्षा’ या एका शब्दयोगी अव्ययावर आहे. कारखानदारीने आणि सल्लागारांनी तो ‘ऐवजी’ असा वाचला. कागदपत्रांऐवजी, योजनेऐवजी. पहिल्या तुलनेचे तर उलटेच झाले: प्रक्रियेहून माणूस मोठा म्हणणाऱ्या मजकुराच्या नावाने प्रमाणपत्रे, फलक, ठरावीक बैठका आणि खास संगणकप्रणाली यांचा भला मोठा बाजार उभा राहिला. जाहीरनाम्याच्या १७ कर्त्यांपैकी एक, डेव्ह थॉमस, यांनी २०१४ मध्ये नेमके व्याकरणावर बोट ठेवले. ‘अॅजाइल’ हे विशेषण होते, त्याचे नाम करण्यात आले, अशी त्यांची तक्रार. विशेषण विकता येत नाही, ते कशाला तरी लागावे लागते. नाम मात्र बांधून, शिक्का मारून विकता येते.

संपूर्ण संस्थेला ही पद्धत लावण्याचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे आयएनजी ही डच बँक. २०१५ मध्ये तिच्या नेदरलँड्समधील मुख्यालयातील सुमारे ३,५०० कर्मचाऱ्यांची खाती मोडून साधारण नऊ-नऊ जणांची पथके केली गेली आणि पथकांच्या समूहांना नाव दिले ‘ट्राइब’, म्हणजे जमात. त्यासाठी आधी सर्वांना आपापल्या जागेवरून उठवून नव्याने अर्ज करायला लावले. ज्ञान असलेली पण योग्य मनोवृत्ती नसलेली बरीच माणसे गमावली, ज्ञान काय, पुन्हा मिळवता येते, अशा आशयाचे समर्थन बँकेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानेच पुढे मुलाखतीत केले. जमातीत माणूस जन्माने असतो. जिथे राहण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो नाकारलाही जातो, तिला नोकरी म्हणतात. ‘जमात’ हा शब्द आपलेपणाचा आव आणतो आणि नेमके हे सत्य झाकतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: वित्त, जोखीम, शाखा, कॉल सेंटर यांना या बँकेनेही पथके-जमातींच्या रचनेबाहेर ठेवले होते. अनुकरण करणाऱ्यांनी जमातींची नावे उचलली. हा विवेक फार थोड्यांनी उचलला.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की जुनी पद्धत काय मोठी मानवी होती? वर्षभर आराखडे रचायचे आणि शेवटी ग्राहकाने ‘हे नकोच होते’ म्हणायचे! हे म्हणणे खरे आहे. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात छोट्या टप्प्यांनी काम करण्याचा लाभ मी नाकारत नाही. पण तो लाभ ज्या कारणांनी होतो ती कारणे त्या माध्यमाची आहेत. लिहिलेली आज्ञावली लगेच चालवून पाहता येते, चुकली तर मागे घेता येते, आणि चालते की नाही याचा निवाडा यंत्र देते. भरती केलेला माणूस असा ‘मागे’ घेता येत नाही. चुकीचा पगार, फसलेले कर्जधोरण, घाईने शिकवलेला विषय यांची किंमत दुसरेच कोणी तरी भोगते, आणि ती कळायला वर्षे लागतात. ‘चालणारे सॉफ्टवेअर’ या कसोटीला मनुष्यबळ खात्यात काय प्रतिरूप आहे? ते नाही, म्हणून मग फलकावर सरकलेल्या चिठ्ठ्या मोजल्या जातात.

शब्दांची हेळसांड तर पावलोपावली दिसते. जाहीरनाम्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी एक सांगते की कामाचा वेग अखंड टिकवता येईल असा असावा. आणि या परंपरेतला सर्वांत लोकप्रिय शब्द आहे ‘स्प्रिंट’, जीव तोडून धावण्याची शर्यत. एक संपली की दुसरी. अशा शर्यतीत टिकाऊ वेग कुठून यायचा? स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०११ मध्ये स्प्रिंटमधल्या कामाबाबतचा ‘वचन’ हा शब्द बदलून ‘अंदाज’ केला, कारण वचनाचा उपयोग माणसाला धारेवर धरण्यासाठी होत होता. संहिता सुधारली, साहेबांच्या तोंडचा शब्द तोच राहिला. आणि ‘स्टोरी’! कोणाला, काय, कशासाठी हवे आहे एवढे सांगणारी एक ओळ, तिला कथा म्हणायचे आणि वर तिला गुण द्यायचे. ही गुणपद्धत बहुधा आपणच काढली आणि काढली असल्यास खेद वाटतो, असे रॉन जेफ्रीज यांनी २०१९ मध्ये लिहिले. तेही त्या १७ जणांपैकीच.

प्रश्न केवळ शब्दशुद्धीचा नाही. ‘हे काम कधी होईल ते आज सांगता येणार नाही’ असे म्हणण्याचा अनुभवी माणसाचा अधिकार पणाला लागला आहे. रोज सकाळी उभे राहून काल काय केले, आज काय करणार हे सांगायचे, अशा रचनेत मुरणारे, रेंगाळणारे, वरून निष्क्रिय दिसणारे काम लपवावे लागते. दर पंधरवड्याला आत्मपरीक्षणाची बैठक होते. तीत सर्व काही विचारता येते, फक्त ही चौकटच आपल्या कामाला लागू आहे का, हे विचारता येत नाही. विचारणाऱ्याची ‘मनोवृत्ती’ सदोष ठरते. ज्या पद्धतीत शंका हा युक्तिवाद न राहता स्वभावदोष होतो, ती पद्धत उरत नाही, तो पंथ होतो.

उद्या हे वारे महाविद्यालयांच्या कार्यालयांतही शिरेल. तेव्हा प्रशिक्षकाकडे मूळ जाहीरनामा मागावा आणि ‘पेक्षा’ कुठे गेले, एवढेच विचारावे.