आधी दोष शोधा, मग भाग बदला

“सगळं वायरिंगच बदलून टाका, साहेब.” जुनी मोटारसायकल बाळगणाऱ्या बहुतेक गृहस्थांनी हे वाक्य एकदा तरी ऐकलेले असते. आपण मान डोलावतो, पैसे मोजतो आणि अनुभवी माणसाचा सल्ला मानल्याचे समाधान पदरात पाडून घेतो. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा हा सल्ला नसतोच. ती एक कबुली असते. दोष कुठे आहे ते मला ठाऊक नाही आणि शोधण्याची माझी तयारीही नाही, एवढाच तिचा अर्थ.

आमच्याच घरची हकिकत सांगतो. वडिलांनी १९७९ साली घेतलेली येझ्दी आमच्या देवडीत आजही उभी आहे. जिथे ती तयार झाली तो म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. गाडी मात्र चालत राहिली. काही वर्षांपूर्वी ती रस्त्यात अवचित बंद पडू लागली. एकदा रात्री ऐन वळणावर इंजिन आणि दिवा दोन्ही एकदम गेले, आणि मागून येणारा ट्रक हातभर अंतरावरून निघून गेला. एका गॅरेजात आधी बॅटरी बदलली, मग कॉइल, मग रेग्युलेटर. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. अखेर ते सुप्रसिद्ध वाक्य कानी पडले.

दोष सापडला तो एका वयोवृद्ध मिस्त्रींना. त्यासाठी लागला एक बल्ब, दोन तारा आणि अर्धा तास. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “बंद पडते तेव्हा हँडल कुठल्या बाजूला असतं?” तोवर हे आम्हांला कोणी विचारलेच नव्हते. हँडल डावीकडे असे. या गाडीची किल्ली पुढच्या दिव्याच्या घरात बसते. म्हणजे बॅटरीतून निघालेला प्रवाह मानेपाशून वर जातो आणि तिथूनच खाली कॉइलकडे परततो. मिस्त्रींनी किल्लीच्या टोकाला बल्ब जोडून हँडल डावीकडे वळवले, बल्ब विझला. सरळ केले, पेटला. चाळीस वर्षे वाकून वाकून मानेपाशी तांब्याचे पदर आतल्या आत तुटले होते. वरचे आवरण शाबूत होते. भाग बदलताना तार हलत असे, म्हणून चार दिवसांचा तो आराम!

यात जादू नाही, शिस्त आहे. प्रवाह बॅटरीतून निघतो आणि त्याला बॅटरीकडे परतावेच लागते. या वाटेच्या मध्यावर चाचणी केली की निम्मी वाट निर्दोष ठरते. तीन चाचण्यांत संशयाचा प्रदेश अष्टमांशावर येतो. मात्र चाचणी भार चालू ठेवूनच करावी. तारेचा एकच पदर जोडलेला असला तरी बिनभाराचा मल्टीमीटर पुरते सहा व्होल्ट दाखवतो. दिवा लावताच ते कोसळतात. ज्याच्या हाती मीटर आहे पण ही समज नाही, तो अंदाजानेच काम करतो. फरक एवढाच की त्याच्या अंदाजाला आकड्याची झूल असते.

सहा व्होल्टच्या गाड्यांना ‘मुळातच मंद’ म्हणून हिणवण्याची एक रीत आहे. साधा हिशेब पाहा. ३५ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर प्रवाह घेतो, बारा व्होल्टवर सुमारे तीन. जोडावरच्या गंजाने वाटेत ०.१ ओहमचा अडथळा आला, तर पहिल्या गाडीत जवळजवळ ०.६ व्होल्ट, म्हणजे दहावा हिस्सा, वाटेतच खर्ची पडतो. दुसरीत जेमतेम चाळिसावा. दहावा हिस्सा दाब घटला की साध्या तंतूच्या बल्बचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. तेव्हा दोष सहा व्होल्टचा नव्हे. आपण न घासलेल्या जोडाचा आहे.

परतीच्या वाटेची, म्हणजे अर्थिंगची, उपेक्षा तर विचारूच नये. हौसेने चौकटीला पावडर कोटिंग करवून घ्यायचे आणि मग दिवे लागत नाहीत म्हणून नवा हार्नेस आणायचा! रंग वीज वाहून नेत नाही. बोल्टाखालची रुपयाएवढी जागा खरवडली असती तर दिवे लागले असते. आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून तिथे जाड तार पिळणारे महाभाग तर पहारेकऱ्याचेच तोंड बांधतात. पुढे धूर निघतो तेव्हा दोष मात्र जुन्या गाडीच्या माथी.

आवरण ठिकठिकाणी तडकून तांबे उघडे पडले असेल तर हार्नेस बदलणे योग्यच. त्याला आमचा विरोध नाही. पण तो निर्णय तपासाअंती व्हावा, तपासाऐवजी नव्हे.

यावर कारागीर विचारतील, अर्ध्या तासाच्या शोधाचे पैसे देतो कोण? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची पाळी आपली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या नव्या डब्याचे पैसे आपण निमूट मोजतो, डोके चालवल्याचे पैसे मागितले की “केलंत काय? एक तार तर जोडलीत!” असे म्हणून घासाघीस करतो. मग शोधणारा कारागीर उपाशी राहतो आणि बदलणारा भरभराटतो. ही अवस्था गॅरेजांनी एकट्याने आणलेली नाही. आपण सुशिक्षितांनी ती पोसली आहे. ज्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८९० साली, कलाभवन उभे राहिले आणि हातांच्या कौशल्याला शास्त्राची जोड मिळाली, तिथल्या जुन्या घराण्यांनी तारेला हात लावणे हलके काम समजावे, याची आम्हांला लाज वाटते.

तेव्हा पुढच्या खेपेस ते वाक्य कानी पडले की मान डोलावू नका. “दोष कुठे सापडला ते दाखवा,” म्हणा. ज्याने तुटलेली तार तुमच्या हातावर ठेवली, त्याला त्याच्या अर्ध्या तासाचे मोल एक अक्षर न बोलता द्या.