पालघरला रिक्रिएशन थेरपिस्ट हवा

तारापूर एमआयडीसीतल्या कामगाराला पक्षाघात झाला, तर डॉक्टर जीव वाचवतात, फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो आणि रुग्ण बोईसरच्या खोलीवर परततो. पुढचे महिने तो बसून काढतो. एकट्याने करायचा व्यायाम कंटाळून सुटतो, दोस्तांचे येणे कमी होते, अधू हात मांडीवर पडून राहतो. रिक्रिएशन थेरपिस्टचे काम इथे सुरू होते. कॅरमच घ्या. स्ट्रायकर मारायला खांदा स्थिर लागतो, बोटांत मोजका जोर लागतो, नजर आणि हात जुळावे लागतात. शिवाय पाळी येईपर्यंत चार माणसांत बसणे होते. बोर्ड किती उंच ठेवायचा, कोणता हात वापरायचा, कधी थांबायचे हे रुग्णागणिक ठरवून सुधारणेची नोंद ठेवली, की तो खेळ उपचार होतो.

खेळ तर घरचेही खेळवतील, त्याला पगारी माणूस कशाला, असे विचारले जाईल. पण थकवा, तोल, पडण्याची भीती ओळखून खेळ निवडणे शिकावेच लागते. २०१६मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या प्रयोगात पक्षाघाताच्या १४१ रुग्णांपैकी काहींना व्हिडिओ गेम, तर काहींना पत्त्यांसारखे साधे खेळ दिले होते. नेहमीचे उपचार सर्वांनाच चालू होते, त्यामुळे सगळे श्रेय खेळांना देता येणार नाही. मात्र दोन्ही गट सुधारले आणि महागडे यंत्र साध्या खेळांपुढे सरस ठरले नाही. तुटपुंज्या निधीवर चालणाऱ्या रुग्णालयांना याहून दिलासा देणारी गोष्ट कोणती?

जव्हार-मोखाड्यात गरोदर बाईला आजही डोलीतून न्यावे लागते, तिथे हे लाड कशाला, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. डॉक्टर आणि रस्ते आधी हवेत, याबद्दल दुमत नाही. पण वाचवलेला माणूस घरात खितपत पडला, तर त्याची मजुरी जाते आणि त्याला सांभाळणाऱ्या बायकोचीही जाते. गरिबाला हे सर्वांत महाग पडते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत ना, असेही म्हटले जाते. त्यांचा भर रोजची कामे पुन्हा जमण्यावर असतो. माणसांत मिसळणे आणि रिकामा दिवस भरणे यांकडे पाहायला वेगळा माणूस लागतो. तारपा नाच, वारली चित्रे, सातपाटीच्या कोळीवाड्यातली गाणी अशी साधने या जिल्ह्यात आयतीच आहेत.

संसदेने २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत रिक्रिएशनल थेरपिस्टची नोंद केली आहे. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजाराच्या रुग्णाला करमणुकीच्या सोयींचा हक्क देतो. आता राज्य सरकारने पालघर जिल्ह्यात निदान एक पद मंजूर करावे आणि तारापूरच्या उद्योजकांनी सीएसआर निधीतून प्रशिक्षणाचा खर्च उचलावा.